मॉरिशसला गुरुवार नसतो

१

शुक्रवारी सकाळी जे पुस्तक विमानानं मॉरिशसला जायला निघणार होतं, त्याच्या जागी कपाटातून दुधाचं रजिस्टर निघालं.

लाल कापडी पुठ्ठा तोच, जाडी तीच. आत मात्र लिहिलं होतं, 'दीड लिटर, म्हैस. आज पातळ. बोलले.' धवल खांबेटे हा चार्टर्ड अकाउंटंट. लिहिलेल्या गोष्टीवर त्याचा फार विश्वास. त्यानं ते पान वाचलं, पुढचं वाचलं, 'अडीच लिटर, पाहुणे' इथपर्यंत आला आणि मटकन खुर्चीत बसला. खाली गाडी उभी होती. गाडीत त्याच्या ऑफिसातला माणूस पासपोर्ट घेऊन बसला होता. त्यानं पुस्तक घेऊन मॉरिशसला जायचं, एक दिवस तिथं काढायचा आणि तेच पुस्तक घेऊन रविवारी परत यायचं, असं ठरलं होतं.

"म्हणजे सोमवारी इन्कम टॅक्सच्या साहेबासमोर ठेवताना ते मॉरिशसहून आलं, असं म्हणता येईल," सोपान वाळुंज म्हणाले. "थोडक्यात, ते तिथं कधी नव्हतंच."

धवलनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माधवरावांकडं. "काका, चोर शोधायला तुम्ही टॅक्सवाला आणलात?"

"रिटायर आहेत," माधवराव खांबेटे म्हणाले.

सोपानराव इन्कम टॅक्समधून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले त्याला चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात धाडी घातल्या. लोणच्याच्या बरणीतून हिरे काढले, एकदा तर पोपटाच्या पिंजऱ्यातून लॉकरची किल्ली काढली, आणि पोपट त्यांना चावला तेही पंचनाम्यात नोंदवलं. आता तळेगावात त्यांना कोणी हरवलेला चष्मासुद्धा शोधायला सांगत नव्हतं. त्यामुळं माधवरावांचा फोन आला तेव्हा ताटातली खिचडी तशीच टाकून ते स्कूटरवरून लोणावळ्याच्या तुंगार्लीला आले होते.

"एक आधीच सांगतो," ते म्हणाले. "पुस्तक सापडलं तर ते दडवायला मी मदत करणार नाही. कोणी विचारलं तर खरं सांगणार."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं," माधवराव म्हणाले.

धवलला वाटलं, काकांचं वय झालं.

२

प्रकरण तसं सरळ होतं, फक्त सांगायला लाज वाटण्यासारखं होतं.

खांबेट्यांचे तळेगावजवळ इंदुरीला गुलाबाचे मोठे शेड. गुलाब परदेशात जायचे. पण ते आधी कागदोपत्री मॉरिशसच्या एका कंपनीला विकले जायचे आणि तिथून युरोपात. नफा सगळा तिकडच्या कंपनीत साठायचा, कारण तिकडं कर थोडा. ती कंपनी खांबेट्यांचीच. माधवराव, अनसूयाबाई, मुलगी श्रद्धा आणि मुलगा सुश्रुत, असे चार भागधारक. सुश्रुत तिकडं डायरेक्टर म्हणून राहायचा.

यात मेख एवढीच, की कंपनीची पाटी कुठंही असो, तिचे मोठे निर्णय खरोखर जिथं घेतले जातात तिथली ती धरली जाते. निर्णय मॉरिशसला होत असतील, तर ती मॉरिशसची. ते तुंगार्लीच्या दिवाणखान्यात होत असतील, तर कंपनी इथली, आणि तिचा सगळा नफा इथं करपात्र. कोण कुठं बसून काय ठरवतं, हे ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते सभांचं पुस्तक. साहेबानं सोमवारी समोर ठेवायला सांगितलं होतं ते हेच. दिलं नाही, तर तो त्याला वाटेल तो अर्थ काढायला मोकळा.

पोलिसात जायची सोय नव्हती. कागदोपत्री मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत असलेलं पुस्तक लोणावळ्यातून चोरीला गेलं, अशी तक्रार कोण लिहून घेणार?

"म्हणून या घरात निर्णय घ्यायला बंदी आहे," श्रद्धा म्हणाली. ती तळेगावच्या कॉलेजात शिकवायची. बातमी कळल्यावर आजच आली होती. "अकरा वर्षं. आईला भाजी कुठली करू विचारलं तरी ती म्हणते, बघू. सवयच लागलीय."

"पुस्तक नाहीसं झालं तर तुमचा फायदा आहे का काही?"

"माझा?" ती हसली. "मी वीस टक्क्यांची मालकीण आहे, वाळुंजसाहेब. नफा झाला की आधी कंपनीला कर. मग तो आम्हाला वाटला की आमच्या हातात परत कर. म्हणून बाबांनी ठरवलं, वाटायचाच नाही. अकरा वर्षांत मला कंपनीकडून मिळालं ते एक कॅलेंडर. त्यावर गुलाब होता." मग जरा थांबून म्हणाली, "भाऊ तिकडं, नफा तिकडं. इथं आम्ही तेवढे उरलोय."

सोपानरावांनी वहीत लिहिलं : 'श्रद्धा. राग आहे. पण गेल्या रविवारपासून इकडं आलेली नाही.' मग त्यांनी 'राग' खोडून 'आठवण' लिहिलं, आणि असं आपण धाडीत कधी लिहिलं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं.

३

अनसूयाबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. ओट्याच्या बाजूला भिंतीत एक खिळा होता. त्याला दोरी होती. दोरीला काही नव्हतं.

"सुश्रुत कधी येतो?"

"दिवाळीला. पंधरा दिवस. परतीचं तिकीट आधी निघतं, मग येण्याचं." त्यांनी शेंग फोडली. "धवल म्हणतो, जास्त राहिला तर लोक विचारतील, मालक इथंच असतो का म्हणून. मागच्या खेपेला जायच्या दिवशी एकशेदोन ताप होता. मी म्हटलं, दोन दिवस राहू दे. हे म्हणाले, जाऊ दे त्याला. गेला. विमानात बसून मला फोटो पाठवला. कपाळाला ओला रुमाल."

"इथं असताना कामाचं बोलत नाही तो?"

"बोलायचं नसतं ना. एकदा जेवताना म्हणाला, हॉलंडचा माल थांबवायला हवा. हे म्हणाले, हे वाक्य मागं घे. त्यानं घेतलं मागं. मग भात घेतला."

सोपानरावांना हसू आलं आणि ते त्यांनी आवरलं. अनसूयाबाई हसत नव्हत्या.

बंगल्याच्या मागं नमुन्याच्या गुलाबांचं लहान शेड होतं. ते हौशीराम बघायचा. आंदर मावळातला, साठीचा गडी. आठवडाभर इथं राहायचा, शुक्रवारी संध्याकाळी घरी जायचा. सोपानराव त्याच बाजूच्या वाडीतले निघाल्यावर तो एकदम मोकळा झाला.

"मंग भाऊ, तुमी तर आमच्यातलंच की. वाडीला जाता का न्हाई कदी?"

"आई गेल्यापासून नाही."

"घर हाय ना उबं?"

"माहीत नाही," सोपानराव म्हणाले, आणि घाईनं विषय बदलला. "कपाटाशी कोणी गेलेलं पाहिलं का?"

"मी कशाला घरात जातुय? माझं काम फुलांचं. किती फुललं, किती किडलं, समदं लिवून ठेवायचं. आता तेबी बंद हाय. गुलाबाचं बुक सायेबांनी सोमवारी मागून नेलं, आजून दिलं न्हाई. मी आपला हातावर लिवतुय." त्यानं तळवा दाखवला. त्यावर निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'लाल ४०, पिवळं १२, आळी.'

"तेही लाल पुठ्ठ्याचंच?"

"समदी तसलीच. सायेबांनी लोनावळ्याच्या बाजारातनं एकदाच डझन आनल्याली. डझनाला सस्त पडतंय."

सोपानरावांनी डोळे मिटले. मॉरिशसच्या कंपनीचं सभांचं पुस्तक लोणावळ्याच्या बाजारातून डझनाच्या भावात आणलेलं होतं. कोट्यवधींचा कर वाचवायला निघालेल्या माणसानं वहीमागं दहा रुपयेही वाचवले होते.

४

धवलकडं पुस्तकाची प्रत नव्हती, पण सभांच्या तारखांची यादी होती. अकरा वर्षं, दर तिमाहीला एक, चव्वेचाळीस सभा. सगळ्या साडेनऊला सुरू.

सोपानरावांनी यादी घेतली, मोबाइलमध्ये कॅलेंडर काढलं आणि व्हरांड्यात बसून प्रत्येक तारखेपुढं वार लिहीत गेले. शेजारच्या बंगल्यात मुंबईहून आलेली मंडळी पोहायच्या टाकीत उभं राहून गाणी म्हणत होती. पाऊण तासानं ते उठले.

"धवल, मॉरिशसला गुरुवार नसतो का?"

"म्हणजे?"

"चव्वेचाळीस सभा. सोमवार आहे, मंगळवार आहे, दोन शनिवारसुद्धा आहेत. गुरुवार एकही नाही."

धवलनं यादी पुन्हा वरून खाली पाहिली. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, हे लोणावळ्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लाइट नाही म्हणजे नेट नाही, आणि नेट नाही म्हणजे माधवराव इथून सांगणार काय आणि सुश्रुत तिथून हो म्हणणार काय.

"तिकडं साडेनऊ म्हणजे इकडं अकरा," सोपानराव म्हणाले. "काकांचा दुसरा चहा झाला, की मॉरिशसची सभा भरते."

"साहेबाच्या लक्षात येईल?" धवलचा आवाज बारीक झाला होता.

"तो इकडचा असेल तर येईल. दिल्लीचा असेल तर नाही."

"इकडचाच आहे," धवल म्हणाला. "वडगावचा."

आता पुस्तक सापडावं की सापडू नये, हेच धवलला कळेना. पण पुस्तक त्यानं पळवलं नव्हतं, हे सोपानरावांना पटलं. पुस्तक नाहीसं करायचं असतं, तर या माणसानं त्याच्यासाठी विमानाचं तिकीट काढलं नसतं. तेसुद्धा परतीचं.

संध्याकाळी निघताना माधवराव स्वतः गेटपर्यंत आले. हातात दहा किलोचं तांदळाचं पोतं. त्यांनी ते वाकून, धापा टाकत स्कूटरवर ठेवलं.

"घरचा इंद्रायणी आहे. घरी गेल्यावर लगेच उघडा. आजच."

"आजच का?"

"किडे होतात," माधवराव म्हणाले. नव्या तांदळाला एका रात्रीत किडे होतात हे सोपानरावांनी पहिल्यांदाच ऐकलं. पण म्हातारा माणूस, वाद कशाला घाला. त्यांनी नमस्कार केला आणि स्कूटर सुरू केली.

५

शनिवारी सकाळी ते परत आले, ते सरळ स्वयंपाकघरात. श्रद्धा रात्री इथंच राहिली होती. तिला, धवलला आणि माधवरावांनाही त्यांनी तिथंच बोलावलं. पाच माणसं आणि एक फ्रिज, एवढ्यात ते स्वयंपाकघर भरलं.

"वहिनी, त्या खिळ्याला काय टांगलेलं असायचं?" त्यांनी रिकाम्या दोरीकडं बोट केलं.

अनसूयाबाईंनी पदर सावरला. "दुधाचं रजिस्टर."

"ते कपाटात कोणी ठेवलं?"

"मी." त्या एवढ्या सहज म्हणाल्या, की आपण चुकीचं ऐकलं, असं धवलला वाटलं. "बुधवारी. हे आंघोळीला गेले की किल्ली उशाशी असते. लाल पुस्तक काढलं, जागा रिकामी दिसू नये म्हणून दुधाचं ठेवलं."

"काकू," धवल म्हणाला. "कशासाठी?"

"सोमवारी मीच जाणार होते, पुण्याला, त्या साहेबाकडं. पुस्तक समोर ठेवणार होते. म्हणणार होते, हे घ्या, कंपनी इथलीच आहे, आणि माझा मुलगा द्या."

शेजारच्या बंगल्यातून कोणीतरी माइकवर 'चेक, चेक' म्हणत होतं. माधवराव फ्रिजकडं बघत होते.

"कुठं आहे पुस्तक?" सोपानरावांनी हळू विचारलं.

"तांदळाच्या पिंपात. खाली."

एकतीस वर्षांच्या नोकरीत सोपानरावांनी तांदळाच्या पिंपात किती वेळा हात घातला असेल, त्याची गणती नव्हती. पण इतक्या जड मनानं कधी नाही. कोपरापर्यंत हात गेला. बोटांना कापड लागलं. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक वर ओढलं, तांदूळ झटकले आणि पहिलं पान उघडलं.

'लाल ५२, पिवळं ९. मावा पडलाय. औषद मारलं.'

"हे तर हौशीरामचं अक्षर," श्रद्धा म्हणाली.

अनसूयाबाईंनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "मी उघडून पाहिलंच नाही. चष्मा काढून ठेवला होता."

"का?"

"चोरी करताना चष्मा लावायची लाज वाटली."

६

"म्हणजे काकूंनी चोरलं ते खरं पुस्तक नव्हतंच," धवल म्हणाला. "त्यांच्या आधी कोणीतरी येऊन गेलं."

"हो," सोपानराव म्हणाले. त्यांनी गुलाबाचं पुस्तक शेवटच्या लिहिलेल्या पानावर उघडलं आणि पिंपाच्या झाकणावर ठेवलं. "शेवटची नोंद सोमवारची. सोमवारी हे हौशीरामकडं होतं. बुधवारी कपाटात होतं. मधल्या काळात ते कोणाकडं होतं, हे हौशीरामनं मला काल सांगितलंय. त्याला ते विशेष वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. साहेबांनी मागून नेलं, म्हणाला."

सगळ्यांनी माधवरावांकडं पाहिलं.

माधवराव खांबेटे तसे ताठ माणूस. पंचाहत्तरीतही पाठ वाकलेली नव्हती. आता त्यांनी ओट्याला हात टेकला.

"तुमची धाड फार हळू चालते, वाळुंज," ते म्हणाले. "मला वाटलं, काल रात्रीच फोन येईल."

"तुम्ही स्वतःचं पुस्तक चोरलंत," धवल म्हणाला. "आणि मला सकाळी गाडी बोलवायला लावली?"

"तू पुस्तक मॉरिशसला नेणार होतास. तिथून ते आलं असतं, साहेबानं ते पाहिलं असतं, आणि सगळं सुरळीत झालं असतं. म्हणजे आणखी अकरा वर्षं." ते बोलत होते सोपानरावांशी, पण आवाज दुसरीकडंच चालला होता. "ही दर दिवाळीला विचारते, राहू दे का त्याला? मी दर दिवाळीला नाही म्हणतो. अकरा वेळा नाही म्हणालेल्या माणसानं हो म्हणायचं तर कसं म्हणायचं? मला ते तोंडच राहिलं नाही. म्हटलं, कोणीतरी पकडावं. पकडलं गेलं की मग काही म्हणावंच लागत नाही."

"मला सांगायचं होतं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एकाच कपाटात दोन दिवसांच्या अंतरानं, एकाच कारणासाठी चोरी केलेली ती दोन माणसं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांचं एवढं एकमत बहुधा कधीच झालं नव्हतं. श्रद्धा खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. तिथून बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची पोहायची टाकी होती.

शेवटी धवलनंच विचारलं, "पण काका, खरं पुस्तक आहे कुठं?"

"यांच्या घरी." माधवरावांनी सोपानरावांकडं मान केली. "काल स्वतः दिलं. तांदळाच्या पोत्यात घालून. म्हटलं, हा माणूस कागद दाबणार नाही. घरी जाऊन पोतं उघडेल आणि पुस्तक साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवेल. उघडलंत ना?"

एकतीस वर्षं सोपानरावांनी कोणाच्या घरचा बत्तासाही घेतला नव्हता. ती सवय रिटायर झाली नव्हती.

"मी भेट घेत नाही," ते म्हणाले. "गेटबाहेर पडलो आणि पोतं हौशीरामला दिलं. तो घरीच निघाला होता."

७

गाडी आंदर मावळात शिरली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. धवल चालवत होता. श्रद्धा घरीच थांबली होती. मागं माधवराव आणि अनसूयाबाई, मधे रिकाम्या जागेत बाईंची पर्स. सोपानराव पुढं. एका वळणावर डावीकडं कच्चा रस्ता फुटला. सोपानरावांची मान त्या बाजूला गेली आणि वळण मागं पडेपर्यंत तिकडंच राहिली. त्यांच्या वाडीचा रस्ता तो. त्यावर ताजी चाकोरी होती, म्हणजे कोणीतरी जात असावं. त्यांनी धवलला गाडी थांबवायला सांगितलं नाही. परत येताना सांगू, असं मनाशी म्हणाले.

डांबर संपलं तिथून पाऊण तास चालत. भाताची खाचरं, मग चढ, मग हौशीरामचं घर. त्याची बायको मुक्ताबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. एवढी शहरी माणसं धापा टाकत येताना पाहून ती उठली.

"काय वं झालं? आमचा मानूस तर हितंच हाय."

"मावशी, काल पोतं आणलंय ना हौशीरामनं?" सोपानराव म्हणाले. "त्यात काही होतं का?"

"हुतं की. बुक हुतं." ती जराशी लाजली. "मी तांदूळ वतला आन् बद्कन पडलं. मी म्हनलं, धान्यातनं पोथी आली म्हंजी लक्षुमीच आली. मला काय वाचता येतंय? द्येव्हाऱ्यात ठिवलं."

घरात अंधार होता. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, शेजारी लाल पुस्तक. पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर दोन जास्वंदी, पुढं गुळाचा खडा. धवलनं ते दोन्ही हातांनी उचललं. आत इंग्रजीत लिहिलं होतं, पोर्ट लुई, साडेनऊ वाजता, सुश्रुत खांबेटे अध्यक्षस्थानी. मागच्या पुठ्ठ्याला लोणावळ्याच्या दुकानाचं चिटकवलेलं लेबल तसंच होतं. त्यावरही कुंकू लागलं होतं.

"ओरिजिनल आहे हे," धवल क्षीण आवाजात म्हणाला. "साहेबाला काय सांगू, कुंकू कशाचं?"

"पुजल्यालं हाय म्हना," मुक्ताबाई म्हणाली.

हौशीराम गोठ्यातून आला, झालेलं ऐकलं आणि सोपानरावांकडं बघून म्हणाला, "भाऊ, तुमी दिल्यालं म्हून आनलं. नाय तर मी सायबाच्या घरची वस्तू हात लावतुय व्हय?"

"तुझं काही चुकलं नाही," माधवराव म्हणाले. ते अंगणातल्या बाजेवर बसले होते. एवढा चढ चढून त्यांचा चेहरा लाल झाला होता.

धवल त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "काका, अजून वेळ आहे. सोमवारी सांगू, गहाळ झालं. वाद घालता येईल. दिलं, तर मागच्या वर्षांचासुद्धा कर बसेल, व्याज बसेल. इंदुरीचे शेड विकावे लागतील. सगळे नाही, पण दोन तरी. तुम्ही उभे केलेले."

"माहीत आहे."

"मग?"

माधवरावांनी खिशातून फोन काढला, वर धरला, खाली धरला. "रेंज कुठं मिळते इथं?"

"त्या गोठ्याच्या खांबापाशी," हौशीराम म्हणाला. "खांबाला टेकून उबं ऱ्हावा. हाललात की गेली."

माधवराव जाऊन खांबाला टेकले. बाकीचे त्यांच्याभोवती जमले. म्हशीनं मान वळवून पाहिलं. फोन लागला आणि त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला, कारण ऐकू कमी यायचं.

"बाबा? शनिवारी कसा फोन केलात?"

"सुश्रुत, सोमवारी मी खरं सांगणार आहे. कंपनी इथली आहे, निर्णय मीच घेत होतो, असं लिहून देणार आहे."

पलीकडून एका मोटारसायकलचा आवाज येऊन गेला.

"मागच्या वर्षांचं पण?"

"मागच्याही. जे निघेल ते भरू. कंपनी इथलीच होती, सुश्रुत. पहिल्यापासून."

"आणि मी?"

माधवरावांनी तोंड उघडलं. चव्वेचाळीस सभांत ज्याला शब्द शोधावा लागला नव्हता, त्या माणसाला एक शब्द सापडेना. त्यांनी खांबाला टेकूनच हात लांब केला आणि फोन अनसूयाबाईंच्या कानाला लावला. त्या तिथंच, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"तू ये," त्या म्हणाल्या.

"येतो." मग त्याचा आवाज जरा घाईचा झाला. "पण आई, लगेच नाही जमायचं. दोन-अडीच महिने लागतील. घर आवरायला हवं."

"काय आहे तिथं आवरायला? गादी कोणाला तरी देऊन टाक. कुकर आणू नकोस, इथं तीन आहेत. स्वेटर आण, इथं लागतो. भांडी नको आणूस."

"भांड्यांचं काही नाही. कढीपत्ता आहे एक. कुंडीत लावला होता, इथं आलो त्या वर्षी. विमानातून नेऊ देत नाहीत."

"कढीपत्ता काय रे, इथं दारात आहे. तो देऊन टाक शेजारी."

"हो. देतो."

अनसूयाबाई पुढं काहीतरी सांगणार होत्या. स्वेटरचं, किंवा खोलीचं. पण त्या थांबल्या.

"केवढा झालाय?" त्यांनी विचारलं.

"छताला टेकलाय, आई."

त्यांनी मान हलवली, जणू त्याला ती दिसणार होती. पलीकडूनही काही आवाज आला नाही, पण फोन चालू होता. धवल हातात पुस्तक धरून, सोपानराव चप्पल अर्धी काढलेल्या पायानं, हौशीराम म्हशीच्या दाव्याला हात घालून, जो तो जिथं होता तिथंच राहिला. रेंज जाईल म्हणून कोणी हललं नाही.